एकच गाणं, दोनदा नंबर वन, आणि मूळ गायकाचं नाव कागदावर नाहीच!

नमस्कार मंडळी! १९६६च्या मे महिन्यात अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एक गाणं पहिल्या नंबरला गेलं. १९९१ साली तेच गाणं दुसऱ्याच माणसाच्या आवाजात परत पहिल्या नंबरला. 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन'. आपल्याकडे केबल टीव्हीवर इंग्रजी गाणी ऐकायला लागलेल्या बऱ्याच जणांना हे मायकल बोल्टनचंच गाणं वाटतं. लांब केस, मानेच्या शिरा ताणलेल्या, तेच ते. बोल्टनकडे येऊ, पण आधी अलाबामाला जाऊ.

मूळ गायक पर्सी स्लेज हा तिथल्या लेटन गावचा. हॉस्पिटलात वॉर्डबॉयची नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी एस्क्वायर्स कॉम्बो नावाच्या बँडबरोबर कॉलेजच्या पार्ट्यांत गाणं. त्याआधी बांधकामावरचं काम सुटलं होतं आणि मैत्रीण मॉडेलिंगसाठी लॉस एंजेलिसला निघून गेली होती, असं तो स्वतःच पुढे सांगायचा. त्या दिवसांत एक चाल त्याच्या डोक्यात घोळत होती. बँडमधला बासवाला कॅल्विन लुईस आणि ऑर्गनवाला अँड्र्यू राइट यांच्याबरोबर तिचं गाणं झालं, आणि स्लेजने श्रेय त्या दोघांना देऊन टाकलं. सगळंच्या सगळं! आजही कागदावर गीत-संगीत लुईस आणि राइट यांचंच आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे पैशांचा विषय निघणार आहे.

रेकॉर्डिंग झालं शेफील्ड गावात, क्विन आयव्हीच्या छोट्या स्टुडिओत. आयव्ही रेडिओवर निवेदक होता, शिवाय त्याचं रेकॉर्डचं दुकान होतं. गायक कृष्णवर्णीय, ऑर्गनवर स्पूनर ओल्डहॅम, ड्रमवर रॉजर हॉकिन्स, हे वादक मात्र गोरे. वर्षभरापूर्वी याच राज्यात, सेल्माच्या पुलावर, मतदानाचा हक्क मागणाऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या. त्याच अलाबामातली ही खोली.

आता जरा पेटी ओढतो पुढे.

[पेटीवर वाजवत]

फक्त खालच्या सुराकडे लक्ष द्या. सा... नि... ध... प... म... मग परत प, आणि सा. सगळे शुद्ध. झालं, कडव्याचा सांगाडा एवढाच! ताल संथ, प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे. ओल्डहॅमसमोर फारफिसा होता, म्हणजे तसा स्वस्तातला, उचलून नेता येणारा इटालियन ऑर्गन. तो एकेक पायरी खाली सरकतोय, आणि स्लेज 'मॅन' या एका शब्दावर ताणून उभा आहे. ध्रुवपद नाहीच. नुसती कडवी, मध्ये एक वेगळा तुकडा, बस. पुढच्याच वर्षी प्रोकोल हारमचं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' आलं, त्यातही ऑर्गनखाली असाच उतरता बास आहे. लागोपाठ ऐकून बघा.

आणि शब्द? लोक लग्नात लावतात हे गाणं, कमाल आहे! तिच्याबद्दल मित्राने वाईट शब्द काढला तर मित्रालाच तोडायचं, शेवटची दमडी तिच्यावर उधळायची, ती म्हणाली तर पावसात बाहेर झोपायचं. हा माणूस प्रेमात आहे खरा, पण पुरता आंधळा झालाय, आणि गाण्याला ते माहीत आहे. लग्नवाल्यांना मात्र नाही.

आणखी एक गंमत. टेप अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या जेरी वेक्सलरकडे गेली. गाणं त्याला आवडलं, पण ट्रम्पेट-सॅक्सोफोन बेसूर आहेत म्हणाला, परत वाजवा. मंडळींनी परत वाजवलं. आणि मग टेपांची अदलाबदल होऊन जुनीच बाजारात गेली, असं सांगतात. हेडफोन लावून शेवटाकडे ऐका. सूर किंचित हललेले आहेत. मला विचाराल तर तिथेच मजा आहे. स्लेजचा आवाज तोवर फाटायला आलेला असतो, त्याच्यामागे घासूनपुसून लखलखीत केलेले ट्रम्पेट शोभले नसते.

आता कव्हर, म्हणजे तेच गाणं दुसऱ्यांनी परत गायलेलं. आर्ट गारफंकल, केनी रॉजर्स अशी बरीच नावं आहेत; ती ऐकली नाहीत तरी चालेल. एस्थर फिलिप्सने १९६६ सालीच गाणं उलटं फिरवलं: बाई पुरुषावर प्रेम करते तेव्हा. बेट मिडलरने १९७९च्या 'द रोज' सिनेमात ते रॉक गायिकेच्या तोंडी घातलं, चांगलं रगडून. माझं आवडतं मात्र कॅरन डाल्टनचं, १९७१चं. स्लेजच्या वर चढायचा ती प्रयत्नच करत नाही. चिरका, थकलेला आवाज, जणू हे सगळं भोगून झालंय आणि आता नुसतं सांगायचंय.

बोल्टन नेमका इथे अडकतो. गळा तयार आहे, वादच नाही; १९९२ साली त्याला यासाठी ग्रॅमी मिळालं. पण तो पहिल्या कडव्यापासूनच जोर लावतो, मग पुढे जायला जागाच उरत नाही.

आणि पैसे? अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की मानधन गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकाला जातं. गाणाऱ्याला नाही. आणि कव्हर म्हटलं की मूळ गायकाचा तसाही काही संबंध नाही. म्हणजे बोल्टनचं गाणं जगभर वाजत होतं तेव्हा गीत-संगीताचा वाटा लुईस-राइटच्या खात्यावर. यात त्या दोघांची काही चूक नाही, स्लेजनेच दिलं होतं.

त्याच्याकडे राहिलं ते त्या खोलीतलं रेकॉर्डिंग. १९८७ साली लीवाइजने जीन्सच्या जाहिरातीत तेच मूळ रेकॉर्डिंग वापरलं, आणि एकवीस वर्षं जुनं गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या नंबरला गेलं. पहिल्या नंबरला कोण? बेन ई. किंगचं 'स्टँड बाय मी'. तेही जुनंच, तेही लीवाइजच्याच जाहिरातीतलं! २००५ साली स्लेज रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेला, २०१५ साली वारला. जिथे जाईल तिथे लोक त्याच्याकडे हेच गाणं मागायचे.

बोल्टनची बाजू घेणारं कुणी असेल तर खाली या भांडायला. पण डाल्टन ऐकून या.