अ‍ॅम्बेसेडरचा सेल्फ

(दृश्य: म्हसरूळ, सकाळ. फाटकाच्या आत पांढरी अ‍ॅम्बेसेडर, काचेवर दव.)

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो. निफाडकडे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात, त्याहून खालचा आकडा नोंदला जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतो. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. जुन्या गाड्यांचे सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरी, बंद पडतात तेही याच दिवसांत. थंडीत इंजिन ऑइल घट्ट होतं, त्यामुळे क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरवायला जास्त जोर लागतो. बॅटरीतली रासायनिक क्रिया त्याच वेळी मंदावते आणि ती एरवीपेक्षा कमी करंट देते. उन्हाळाभर ज्या सेल्फने कसंबसं निभावून नेलं, तो थंडीत उघडा पडतो.

ही गाडी माझ्या मामांची. १९७७ ची मार्क थ्री, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. मामा सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, आता निवृत्त आहेत. या व्हिडिओत जे हात दिसतील ते त्यांचे.

(आवाज: किल्ली. मोटर कण्हते, अर्धा फेरा घेते, थांबते.)

असा आवाज आला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं: "सेल्फ गेला, काढावा लागेल." मामांचा याला विरोध आहे आणि मला तो पटतो. सेल्फ फिरत नाही याची कारणं अनेक. बॅटरी उतरलेली असेल, टर्मिनलवर पांढरी बुरशी चढलेली असेल, सोलेनॉइड, म्हणजे मोटरला करंट सोडणारा विजेचा स्विच, खराब असेल, करंट परत नेणारी अर्थिंगची पट्टी सैल असेल, किंवा इंजिनच जड फिरत असेल. यातलं काहीही असलं तरी गाडीत बसलेल्या माणसाला एकच गोष्ट दिसते, गाडी चालू होत नाही. धडधाकट मोटर काढून दुसरी बसवायची, पैसे घालवायचे आणि आठवड्यानंतर पुन्हा तोच आवाज ऐकायचा, हे फार घरांत झालेलं आहे.

"मामा, मोटरच गेलीय ना?"

"तू आधी हेडलाइट लाव."

ही सगळ्यात जुनी परीक्षा. हेडलाइट लावून सेल्फ मारायचा. प्रकाश जरासुद्धा कमी झाला नाही, तर करंट मोटरपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे सोलेनॉइड बघा, वायरी बघा, मोटरमधले कार्बन, म्हणजे ब्रश, बघा. प्रकाश एकदम मंदावला, तर करंट जातोय पण बॅटरीला तो झेपत नाही. मग बॅटरी तरी कमजोर आहे, किंवा मोटर अडकली आहे. आमचे दिवे पार पिवळे पडले.

या काळातल्या ल्युकास कंपनीच्या सोलेनॉइडच्या पाठीवर रबरी टोपीखाली एक बटण असतं. ते अंगठ्याने दाबलं की किल्ली, स्विच आणि मधली बारीक वायरिंग वगळून मोटरला थेट करंट मिळतो. गिअर न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असला पाहिजे, हे इथे विसरून चालत नाही. बटण दाबूनही मोटर तशीच कण्हली. म्हणजे किल्लीकडची बाजू निर्दोष.

आता मल्टिमीटर. इथे थोडं थांबू, कारण घरच्या घरी करता येण्यासारखी याहून चांगली तपासणी मला माहीत नाही. बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना ती दहाच्या आसपास टिकायला हवी, आमची साडेआठपर्यंत कोसळली. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या खांबावर आणि दुसरी मोटरच्या टर्मिनलवर ठेवून पुन्हा सेल्फ मारायचा. मीटर दाखवतो तेवढे व्होल्ट वाटेतल्या केबलने आणि सोलेनॉइडने खाल्लेले. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेतात. आमच्याकडे ०.२. तसंच अर्थिंगच्या बाजूने, बॅटरीच्या दुसऱ्या खांबापासून मोटरच्या अंगापर्यंत: ०.४. जेमतेम पास. मामांनी तो आकडा वहीत टिपून त्याखाली रेघ मारली.

शेजाऱ्यांच्या गाडीची चांगली बॅटरी लावून बघितली. फरक शून्य.

(दृश्य: बंपरच्या भोकातून आत जाणारं हँडल.)

उरलं इंजिन. अ‍ॅम्बेसेडरला बंपरमधून हँडल घालून क्रँक फिरवता येतो. आजच्या मोटारींत ही सोय राहिलेली नाही. मामा हँडल कसं धरतात ते नीट बघा. अंगठा मुठीभोवती नाही, बोटांच्याच बाजूला आहे. जोर खालून वर ओढण्याचा, वरून खाली दाबण्याचा कधीच नाही. इग्निशन चालू असताना ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देतं, आणि अंगठा हँडलभोवती गुंडाळलेला असेल तर मनगट मोडू शकतं. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात अशा झटक्यांनी कितीतरी लोकांचे हात मोडले. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने विजेवर चालणारा सेल्फ स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसला. मोटार चालवणं अंगात ताकद असलेल्या पुरुषांपुरतं राहिलं नाही, त्यात या मोटरचा मोठा वाटा आहे. मला ही गोष्ट मोलाची वाटते, म्हणून इथे सांगितली.

हँडलने आमचं इंजिन अलगद फिरलं. म्हणजे तेही निर्दोष. आता मोटरवर आरोप ठेवायला हरकत नाही.

पाना लावण्याआधी शेवटची एक गोष्ट. कधीकधी मोटरचं पिनियन, म्हणजे टोकावरचं छोटं दातेरी चाक, फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दात्यांत अडकून बसतं आणि लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. त्यासाठी मोटरच्या मागच्या टोकाला, छोट्या टोपीखाली, शाफ्टचं चौकोनी टोक ठेवलेलं असतं. पान्याने ते फिरवलं की अडकलेलं पिनियन सुटतं. आमचं टोक फिरलं, पण फिरताना आत काहीतरी घासत होतं.

(दृश्य: बॅटरीचं टर्मिनल सुटतं.)

पहिलं काम, बॅटरीची अर्थिंगची केबल काढायची. बसवताना हीच सर्वांत शेवटी. मोटरकडे जाणारी जाड केबल फ्यूजमधून जात नाही. ती जिवंत असताना पाना एकाच वेळी टर्मिनलला आणि बॉडीला टेकला, तर शेकडो अँपियर त्या पान्यातून जातात. घड्याळ आणि अंगठी आधीच काढून ठेवा. जुन्या इंग्लिश धाटणीच्या काही गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब बॉडीला जोडलेला असतो, म्हणून रंगावर विसंबू नका, केबल कुठे जाते ते डोळ्यांनी बघा.

गाडी पुढून उचलली. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, पुढे दोन भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही. मामी हे दारातून पुन्हा एकदा बजावून गेल्या.

या इंजिनात सेल्फ उजव्या अंगाला, प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या बाजूला बसतो. दोन बोल्ट, एक वरून लागतो, एक खालून. इथे पान्यांचा प्रश्न येतो. हे इंजिन इंग्लंडच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) घराण्यातलं, म्हणून बोल्ट इंची मापाचे. डोक्याला ९/१६ चा पाना लागतो, म्हणजे १४.२९ मिलिमीटर. १४ चा बसत नाही, १५ चा सैल पडतो आणि बोल्टच्या कडा गोल करतो. आजच्या मिलिमीटरच्या सेटवर ही गाडी उघडू नका. इंची पान्यांचा जुना सेट कुठे मिळाला तर घेऊन ठेवा.

बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. वरच्या बोल्टसाठी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, लांब एक्स्टेन्शन लावून तो मोकळा केला. खालचा सोडताना मोटरला हाताचा आधार द्यावाच लागतो. आत तांबं आणि लोखंड ठासून भरलेलं, ती चांगली जड असते. मग मोटर थोडी पुढे ओढून, वळवून बाहेर. वर्णन दोन ओळींचं आहे, वेळ अर्धी सकाळ गेली.

मोटर निघाल्यावर जे भोक उघडं पडतं, त्यातून फ्लायव्हीलची रिंग दिसते. ही संधी सोडू नका. हँडलने इंजिन हळूहळू फिरवत रिंगचे सगळे दाते टॉर्चच्या उजेडात बघून घ्या. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे बहुतेक वेळा ठरावीक दोनच जागी थांबतं, एकमेकांच्या समोरासमोर. त्यामुळे पिनियनचा घाव वर्षानुवर्षं त्याच दात्यांवर बसतो. रिंग तिथे फार झिजली असेल तर नवी मोटरही तिथे घसरणार. आमची रिंग ठीक निघाली.

(दृश्य: ओटीवर वर्तमानपत्र, त्यावर उघडलेली मोटर.)

आता तिचं अंतरंग. पुढे शाफ्टवर दिसतंय ते बेंडिक्स, पिनियन पुढेमागे सरकवणारी यंत्रणा. रचना इतकी साधी आणि हुशार आहे की मी ती कितीही वेळ बघू शकतो. शाफ्टवरच्या बाहीला आटे आहेत, त्यांवर पिनियन सैल बसलेलं. मोटर झटक्याने फिरते, पिनियन जडत्वामुळे मागे राहतं, म्हणून आट्यांवरून सरकत जाऊन फ्लायव्हीलच्या दात्यांत शिरतं. इंजिन पेटलं की फ्लायव्हील पिनियनला मोटरपेक्षा जोरात फिरवतं आणि ते उलट सरकून बाहेर पडतं. पहिला धक्का जाड स्प्रिंग पचवते. बेंडिक्सला तेल-ग्रीस लावायचं नाही, हे मामांनी दोनदा कॅमेऱ्याकडे बघून सांगितलं. तेलावर क्लचची भुकटी आणि रस्त्याची धूळ बसते, चिखल होतो आणि पिनियन सरकत नाही. रॉकेल किंवा तत्सम पातळ द्रव्याने धुवायचं, कोरडं करायचं, तसंच बसवायचं.

मागचं झाकण काढलं तेव्हा कार्बन दिसले. सुमारे आठ मिलिमीटरपर्यंत झिजले की बदलायचे, आमचे त्याच्या वर होते. घासण्याचा उगम मिळाला पितळी बुशमध्ये, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत. बुश लंबगोल झाला होता. शाफ्ट खाली बसला, आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, भोवतीच्या चुंबकी पोलना घासू लागलं. दोन्हीकडे चकचकीत ओरखडे दिसतायत. घासणारं आर्मेचर हळू फिरतं, आणि हळू फिरणारी मोटर जास्त करंट ओढते. अशी मोटर पूर्ण थांबवून धरली तर करंट चारशे अँपियरच्या पुढे जातो. त्या उष्णतेने कम्युटेटरकडचा, म्हणजे कार्बन टेकतात त्या तांब्याच्या चकतीकडचा, सोल्डरचा डाग वितळून उडाला होता आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन काळं पडलं होतं.

नुसता बुश असता तर तो घरीच बदलला असता. नवा बुश एक दिवस-रात्र इंजिन ऑइलमध्ये भिजवायचा, तो सच्छिद्र असतो, तेल पिऊन घेतो, आणि मग शाफ्टच्याच मापाच्या गुळगुळीत दांड्यावर बसवून आत दाबायचा. कम्युटेटर साफ करायला बारीक काचकागद चालतो, एमरी नको, तिचे कण वीजवाहक असतात आणि तांब्यात रुततात. पण जळालेल्या आर्मेचरचं रिवाइंडिंग, म्हणजे तारा नव्याने गुंडाळणं, घरी होत नाही.

म्हणून दुसरी मोटर. अ‍ॅम्बेसेडर बंगालमधल्या उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनत होती, त्यामुळे जुने भाग अजून फिरत असतात. मात्र नुसतं "अ‍ॅम्बेसेडरची मोटर द्या" म्हणून भागत नाही. १४८९ पेट्रोल, डिझेल आणि नंतरचं १८०० सीसीचं इसुझू, तिन्हींचे सेल्फ वेगळे. आपली मोटर पिशवीत घालून दुकानात न्यायची. पिनियनचे दाते मोजायचे, फिरण्याची दिशा जुळवायची, फ्लँजपासून, म्हणजे मोटर इंजिनाला टेकते त्या कडेपासून, पिनियनपर्यंतचं अंतर कॅलिपरने मापायचं. मामांनी काउंटरवर तिन्ही केलं. दुकानदाराला राग आला नाही, उलट त्याने आतून दुसरा नग आणला आणि तोच जुळला.

घरी आल्यावर मोटर व्हाइसमध्ये घट्ट आवळून जाड केबलने करंट दिला. सैल ठेवून हे करू नका, सुरू होतानाच्या झटक्याने ती टेबलावरून उडते. मोटर सणसणीत फिरली, पिनियन पुढे फेकलं गेलं.

बसवताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. या मोटरला वायर एकच. परतीचा करंट तिच्या अंगातून, फ्लँजमधून इंजिनात जातो. दुरुस्त करून आलेल्या मोटरीवर मात्र फ्लँजसकट चकाचक रंग मारलेला असतो. टेकणाऱ्या जागेचा रंग खरवडून काढा, इंजिनाकडची बाजूही तारेच्या ब्रशने उजळा. दोन्ही बोल्ट आधी हाताने लावून घ्या, मगच आवळा. केबलचा नट आवळताना आतला नट दुसऱ्या पान्याने धरून ठेवायचा. तो धरला नाही तर अख्खा स्टड फिरतो आणि आतल्या फील्ड कॉइलचा, म्हणजे पोलवरच्या वेटोळ्यांचा, जोड तुटतो.

(आवाज: किल्ली. इंजिन सुरू होतं.)

सेल्फ मारताना बॅटरीवर १०.४ व्होल्ट. इंजिन पुरतं गरम करून, बंद करून पुन्हा मारला, तेव्हाही तेवढेच. गरम इंजिनावरची ही दुसरी परीक्षा घेतल्याशिवाय काम संपलं म्हणू नये, कारण काही मोटरी थंड असतानाच चांगल्या असतात.

मग वहीतला तो रेघ मारलेला आकडा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, म्हणून त्याला बॉडीशी जोडणारी तांब्याच्या तारांची वेणी लागते. आमच्या वेणीच्या बऱ्याच तारा नटाजवळ तुटलेल्या होत्या. नवी जोडली, मीटर पुन्हा लावला. ०.४ चे ०.१ झाले. जुन्या मोटरचे फील्ड कॉइल शाबूत आहेत, आर्मेचर रिवाइंडिंगला गेलंय. ते आलं की तिला नवा बुश बसेल आणि ती फळीवर सुटी तयार राहील.