उरलेल्या आचेवर

(अंबाजोगाई इथल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आजचा विषय आहे 'घरची बेकरी आणि कल्पकता'. घरी सांगितला तेव्हा आमचे मामंजी म्हणाले, "कल्पकता राहू दे सूनबाई, पहाटेच्या पावाचं बघ." त्यांचं खोटं नाही. बेकरीचं पोट पाव, खारी आणि टोस्टवर भरतं, आणि तिथं कल्पकता दाखवायला गेलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. चहात बुडवायचा पाव काल होता तसाच आज लागतो. उन्हाळ्यात पारा बेचाळीसवर गेला की यीस्ट कमी करा, बर्फाचं पाणी घाला, काहीही करा, पण पाव तोच आला पाहिजे.

मग मनातलं करून बघायचं कुठं? आमच्याकडं ते उरलेल्या आचेवर होतं.

लाकडाच्या भट्टीचं गणित सांगते. आत लाकूड जाळायचं, निखारे बाजूला ओढायचे, ओल्या गोणपाटानं फरशी पुसून घ्यायची. राखही निघते, थोडी वाफही धरते. मग चिमूटभर मैदा आत टाकायचा. टाकल्या टाकल्या काळा पडला तर थांबायचं. हळूहळू बदामी झाला तर पाव लावायचा. पावाला तेज आच लागते, २०० ते २२० अंश. तो निघाला की भट्टी उतरायला लागते. उतरत्या भट्टीवर नानकटाई, बिस्किटं. आणि सगळ्यात शेवटी रात्रभर टोस्ट वाळतो. या मधल्या वेळात लाकडाचे पैसे पावानं आधीच फेडलेले असतात. एखादा ट्रे बिघडला तर बिघडला, हिशेबाच्या वहीत त्याची नोंद होत नाही. आच फुकटची असली की माणूस धीट होतो.

आता आपली ज्वारी घ्या. ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नाही, त्यामुळं नुसत्या ज्वारीचा पाव फुगतच नाही. मैद्यात पाचवा हिस्सा, तोही उकड काढून घातला तर जमतं. त्यापुढं गेलं की पाव बसतो. जुन्या पिठाची तर विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. भाकरी थापायला घेतली की कडेनं चिरते, मग आधणाच्या पाण्यात मळावं लागतं. पण नानकटाईला चिवटपणा नकोच असतो. मैद्याची नानकटाई करताना पोरांना सारखं ओरडावं लागतं, "मळू नका रे, नुसतं गोळा करा," कारण मळलं की बिस्किट कडक होतं. ज्वारीला ती भीतीच नाही.

आमच्या जाऊबाईंनी एकदा विरी गेलेल्या पिठाचा डबा माझ्या पुढ्यात आणून आदळला. "भाकरी होईना याची, तुझ्या त्या बिस्किटात घाल." आधी चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की कडवटतं, आणि तो कडवटपणा कितीही वेलदोडा घातला तरी लपत नाही. हे पीठ चांगलं होतं. साजूक तूप आणि पिठीसाखर पांढरं होईपर्यंत फेसली, मग पीठ, वेलदोडा, कणभर मीठ. पहिला घाणा दाताखाली कचकच लागला. मग पीठ वस्त्रगाळ केलं, दुधाचा हात लावून तासभर झाकून ठेवलं, तेव्हा कुठं ती जिभेवर विरघळायला लागली. आता ती काचेच्या बरणीत, अगदी पुढं असते.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं, तेव्हापासून पुण्याकडची पाहुणेमंडळीही ज्वारीची बिस्किटं मागतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाची 'परभणी शक्ती' ही ज्वारी लोह आणि जस्त जास्त असलेली म्हणून काढलेली आहे, तेही लोकांना माहीत असतं. मी मात्र पाकिटावर 'पौष्टिक' छापत नाही. तुपासाखरेची बिस्किटं आहेत ती, चवीसाठी खावीत.

सीताफळाची गोष्ट ज्वारीच्या उलट. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळाला तोटा नाही, पण गर तापला की कडू होतो. म्हणून तो केकच्या पिठात घालायचाच नाही. केक पूर्ण गार होऊ द्यायचा आणि मग मलईत कालवून मधल्या थरात भरायचा. धाराशिव जिल्ह्यातल्या भूमकडचा खवा मात्र आचेला घाबरत नाही, उलट भाजल्यावर त्याची चव खुलते.

आणि हे सगळं माझ्याच डोक्यातून येतं असं समजू नका. दिवाळीच्या आधी बायका मैदा, साखर, तूप डब्यात घेऊन बिस्किटं पाडायला येतात, तेव्हा आमची बेकरी त्यांची असते. एक आजी माझा हात धरून म्हणाल्या, "काय करायलीस गं? आमच्यात बडीशेप भाजून घालत्यात." भाजून! आम्ही इतकी वर्षं कच्चीच घालत होतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळं हैदराबादच्या उस्मानिया बिस्किटाची खारट-गोड चव इथल्या जुन्या घरांत अजून ओळखीची आहे. त्या घरांतल्या बायका मीठ किती घालायचं यावर माझ्याशी वाद घालतात आणि बहुतेक वेळा जिंकतात.

सध्या आमच्या घरात भांडण आहे ते विजेच्या ओव्हनचं. पुतण्याला तो हवाय. धूर नाही, आच एकसारखी, लाकडाची शोधाशोध नाही. मला पटतं. पण त्याचं बटण बंद केलं की आचही बंद. प्रत्येक प्रयोगाचं वेगळं बिल येणार. मी म्हणते दोन्ही ठेवू. मामंजी म्हणतात, जागा कुठं आहे? पुतण्यानं कालच फीत लावून मोजमाप घेतलंय आणि टोस्टची घडवंची हलवली तर ओव्हन बसतो म्हणतोय. घडवंची कुठं हलवायची, ते अजून ठरायचंय.

विचारा आता, काही विचारायचं असेल तर.