सुट्टीच्या वाटेवरचं वादळ

सोलापूर केंद्राच्या सर्व श्रोत्यांना नमस्कार.

आज मला बोलायचंय समुद्रातल्या वादळांबद्दल, आणि त्या वादळांच्या हंगामात ठरवलेल्या क्रूझच्या सहलींबद्दल. समुद्र आपल्यापासून इतका लांब, मग सोलापुरात हा विषय कशाला, असं वाटेल. पण जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो की होटगी रोड, कुठल्याही सोसायटीत चार घरांआड कुणाची तरी लेक, कुणाचा तरी मुलगा अमेरिकेत आहे. आई-बाबा तिकडे गेले की मुलं हौसेनं म्हणतात, "यंदा तुम्हाला क्रूझवर नेतो. मायामीहून सात दिवसांची." तारखा पुष्कळदा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या निघतात, कारण तेव्हा तिकिटं स्वस्त असतात. ती स्वस्त का असतात, हे आधी समजून घ्यायला हवं.

अटलांटिक महासागरात हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचा, हंगाम १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो. त्याचा भर असतो १० सप्टेंबरच्या आसपास. आपण गणपती बसवतो, घट बसवतो, दिवाळीचा फराळ करतो, ते सगळे दिवस तिकडे वादळाचे. आणखी एक गोष्ट सांगतो, भूगोल शिकवत आलो म्हणून ती मला मोलाची वाटते. सोलापूर आहे साधारण १७.७ उत्तर अक्षांशावर. घरातल्या नकाशावर सोलापूरवर बोट ठेवा आणि त्याच रेषेवरून पश्चिमेला सरकवत न्या. अरबी समुद्र, अरबस्तान, आफ्रिका, मग अख्खा अटलांटिक ओलांडून बोट टेकतं ते जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला. म्हणजे या क्रूझ जिथे जातात ती कॅरिबियन समुद्रातली बेटं साधारण आपल्याच अक्षांशावरची आहेत. तोच सूर्य, तसाच उकाडा. फक्त त्यांच्या चहूबाजूंना कोमट समुद्र आहे.

तिथल्या मोठ्या वादळांपैकी बरीचशी आफ्रिकेत सुरू होतात. सहाराच्या दक्षिणेकडून हवेच्या लाटा पश्चिमेला सरकतात आणि आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून समुद्रावर उतरतात. पाण्याचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर असलं, हवा दमट असली आणि वरच्या व खालच्या थरांतल्या वाऱ्यांत फारसा फरक नसला, तर ढग एका केंद्राभोवती फिरू लागतात. वाऱ्याचा वेग ताशी ६३ किलोमीटरला पोचला की वादळाला नाव मिळतं. ११९ झाला की त्याला हरिकेन म्हणतात. २५२ किंवा त्याच्या वर गेला की पाचवी, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी. पण बहुतेक लाटा काही न होता विरून जातात, हेही ध्यानात असू द्या.

या सगळ्यावर नजर ठेवतं मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर. पुढच्या सात दिवसांत कुठे वादळ तयार होऊ शकतं, हे ते नकाशावर रंगानं दाखवतात. पिवळा रंग म्हणजे शक्यता चाळीस टक्क्यांच्या खाली, नारिंगी म्हणजे चाळीस ते साठ, लाल म्हणजे साठच्या वर. वादळ तयार झालं की दर सहा तासांनी अधिकृत पत्रक येतं. आपल्या घड्याळात त्या वेळा आहेत सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि पहाटे अडीच. या वेळा लिहून ठेवा. मुलं जहाजावर आणि आपण इथे, अशी वेळ आली तर सकाळी साडेआठला आणि रात्री साडेआठला बघितलं तरी पुरतं. मध्ये व्हॉट्सॲपवर जे फिरतं, त्यातलं पुष्कळसं एकाच संगणकीय मॉडेलचं दहा-बारा दिवसांनंतरचं चित्र असतं. जांभळा-लाल गोळा थेट मायामीवर दाखवलेला असतो, आणि तेच मॉडेल सहा तासांनी तो गोळा हजार किलोमीटर लांब नेऊन ठेवतं. असली चित्रं पुढे पाठवू नका, मनापासून सांगतो. त्यानं कुणाचंही रक्षण होत नाही, फक्त म्हाताऱ्या माणसांची झोप उडते.

२०२५ च्या ऐन दिवाळीत, २१ ऑक्टोबरला, कॅरिबियनमध्ये एका वादळाला मेलिसा हे नाव मिळालं. आमच्या शेजारच्या काकूंची लेक, जावई आणि नातू त्याच आठवड्यात जहाजावर होते. काकू मोबाइल घेऊन आल्या. पडद्यावर पांढरा शंकू, एका टोकाला निमुळता आणि पुढे रुंद होत गेलेला. "सर, हे बघा ना, वादळ किती पसरत चाललंय. पोरांचं जहाज त्यात सापडणार." त्यांचा हात थरथरत होता. मी त्यांना बसवलं आणि नकाशा मोठा करून दाखवला. शंकूच्या मधून ठिपक्यांची रांग जाते आणि प्रत्येक ठिपक्यात एक इंग्रजी अक्षर असतं. डी म्हणजे अजून कच्चं, एस म्हणजे नाव मिळालेलं वादळ, एच म्हणजे हरिकेन, एम म्हणजे तिसऱ्या किंवा त्याहून वरच्या श्रेणीचं. शंकू वादळाचा आकार दाखवत नाही. वादळाचं केंद्र पुढे कुठे कुठे असू शकेल, त्याची ती हद्द असते. मागच्या पाच वर्षांतले अंदाज किती चुकले, यावरून ती आखतात, आणि केंद्र त्या हद्दीच्या आत राहतं तीनपैकी साधारण दोन वेळा. तिसऱ्या वेळी बाहेर जातं. उद्याच्या अंदाजात साधारण साठ किलोमीटरची चूक होते, पाच दिवसांपुढच्या अंदाजात साडेतीनशेच्या आसपास. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. म्हणजे पाच दिवसांनंतरचा ठिपका पुण्यावर असेल, तर वादळ पुण्याच्या पार पुढे समुद्रात असू शकतं किंवा इकडे आपल्यापाशी. उलट, शंकूच्या बाहेर आहोत म्हणून निर्धास्त राहायचंही नाही. पाऊस आणि लाटा शंकूच्या कितीतरी बाहेरपर्यंत पोचतात.

मेलिसानं सगळ्यांना फार ताटकळत ठेवलं. चंद्रभागेला पाणी असतं तेव्हा पात्रात भोवरा फिरताना बघितला असेल. तो स्वतः गरगर फिरतो, पण जातो प्रवाह नेईल तिकडे, आणि प्रवाह मंदावला की जागच्या जागी घुटमळतो. वादळालाही असंच वरचे वारे नेतात. ते वारे ढिले पडले आणि मेलिसा जमैकाच्या दक्षिणेला कोमट पाण्यावर दिवसेंदिवस रेंगाळत बळ गोळा करत राहिलं. २८ ऑक्टोबरला ते जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळलं, पाचव्या श्रेणीचं, ताशी सुमारे २९५ किलोमीटरच्या वाऱ्यांसह. काकूंच्या लेकीचं जहाज तोवर जमैका गाळून मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला गेलं होतं. नातवानं तिथून चिंचोळ्या गल्लीत आइस्क्रीम खातानाचा फोटो पाठवला, तेव्हा काकू पोटभर जेवल्या.

जहाज वादळात सापडेल, ही भीती स्वाभाविक आहे, पण जहाज काही एका जागी बसून राहत नाही. मोठी क्रूझ ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरनं जाऊ शकते. त्या पट्ट्यातली वादळं बहुधा पंधरा ते पंचवीसनं सरकतात. कप्तानाला वाट बदलायला वेळ असतो. दर्यावर्दी लोक एक-दोन-तीन असा नियम पाळतात. वादळाच्या जोरदार वाऱ्यांची हद्द जिथे संपते, त्याच्याही पुढे एका दिवसाच्या अंदाजाला शंभर सागरी मैल, दोन दिवसांच्या अंदाजाला दोनशे आणि तीन दिवसांच्या अंदाजाला तीनशे सागरी मैल जागा मोकळी सोडायची. तीनशे सागरी मैल म्हणजे साडेपाचशे किलोमीटर. अंदाज जितका लांबचा, तितकं अंतर जास्त. मला हा नियम फार आवडतो. आपल्याला कुठवर कळतं, हे मोजून घेऊन तो केलेला आहे.

त्यामुळे क्रूझ सहसा रद्द होत नाही, तिचा मार्ग बदलतो. पूर्वेच्या बेटांऐवजी पश्चिमेला जातात, दोन बंदरांऐवजी दोन दिवस नुसता समुद्र. तिकिटाच्या करारात कंपनीनं हा हक्क राखून ठेवलेला असतो. गाळलेल्या बंदराचे कर-शुल्काचे पैसे परत मिळतात, त्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. हे वाचूनच सही करावी. खरी अडचण होते ती निघायचं किंवा परतायचं बंदरच बंद झालं तर. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळात टेक्सासचं गॅल्व्हस्टन बंदर बंद झालं आणि तिथे परतणारी जहाजं प्रवाशांसह समुद्रातच थांबून राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन आलं तेव्हा फ्लोरिडातली बंदरं बंद होती. अशा वेळी सात दिवसांची सहल नऊ दिवसांची होते, आणि परतीचं विमान चुकतं.

म्हणून काही गोष्टी सांगतो, पैशाच्या आहेत पण तितक्याच मनःशांतीच्या. प्रवासविमा घ्यायचा तर बुकिंगबरोबरच घ्या. वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला विमा त्या वादळाचं नुकसान भरून देत नाही. पॉलिसीत क्रूझ धरली आहे का, हेही विचारा, साध्या पॉलिसीत पुष्कळदा नसते. जहाज ज्या दिवशी सुटतं त्याच दिवशीचं विमान घेऊ नका, एक दिवस आधी पोचा. औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या, रक्तदाबाची आणि साखरेची तर नक्कीच, आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा. मार्ग बदलला तर वेगळ्याच देशात उतरायची वेळ येऊ शकते, तिथे भारतीय पासपोर्टवर चालतं का, हे आधी विचारून ठेवा. ज्यांना बस लागते त्यांनी मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. वादळ शेकडो किलोमीटर दूर असलं तरी त्याच्या लांब लाटा जहाजाला हलवतात. आणि घाबरून स्वतःहून सहल रद्द करायची घाई करू नका. तुम्ही रद्द केली तर रद्द करण्याचे पैसे कापले जातात. कंपनीनं रद्द केली तर पैसे परत मिळतात. थोडं थांबणं शहाणपणाचं ठरतं. मात्र आई-वडील फार थकलेले असतील, हृदयाचा त्रास असेल, तर मी सरळ सांगेन, जानेवारी-फेब्रुवारीत न्या. तिकिटाला चार पैसे जास्त पडू द्या.

आता आपल्याकडे या. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईत उतरून गोव्याची किंवा लक्षद्वीपची क्रूझ धरणारी मंडळी हल्ली सोलापुरातही आहेत. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात, एक मे-जूनचा आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबरचा. शाळेच्या दोन्ही सुट्ट्या नेमक्या त्यातच येतात. मे २०२१ मधलं तौक्ते आठवा. मुंबईजवळ समुद्रात कामगारांना घेऊन नांगरून राहिलेला तराफा बुडाला, कितीतरी घरांतली कर्ती माणसं गेली. इशारा आधीच आलेला होता. जून २०२३ मध्ये बिपरजॉय दहा दिवसांहून जास्त काळ समुद्रात फिरत राहिलं आणि शेवटी १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्यावर आलं. भारतीय हवामान विभाग चक्रीवादळ तयार झालं की दर तीन तासांनी पत्रक काढतो. किनाऱ्याला निदान ७२ तास आधी सावध करतो, मग ४८ तास आधी, मग २४ तास आधी. बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला, की कोळी बांधव होड्या वर घेतात. त्या दिवशी आपली क्रूझ सुटली नाही तर काउंटरवरच्या पोरांवर ओरडू नका, ते योग्यच करत असतात.

आपलं जहाज वाट बदलून निघून जातं तेव्हा ते वादळ कुठेतरी जातंच. जमैकात छपरं उडाली, शेतं गेली. त्या बेटांवरची रोजीरोटी जहाजानं येणाऱ्या माणसांवर चालते. पुढे कधी तिथे उतरलात तर दुकानातल्या बाईशी दोन शब्द बोला, तिच्याकडून काहीतरी विकत घ्या.

आणि वादळ समुद्राशीच थांबतं असंही नाही. १३ ऑक्टोबर २०२० ला आंध्रात काकीनाड्याजवळ बंगालच्या उपसागरातून एक वादळ किनाऱ्यावर आलं. ते चक्रीवादळ झालंही नव्हतं, एक पायरी खालीच होतं, म्हणून त्याला नाव नव्हतं आणि फारशी चर्चाही नव्हती. ते तेलंगण ओलांडून आपल्याकडे आलं. दुसऱ्या दिवशी सोलापूर जिल्ह्यात धो धो पाऊस पडला, ओढे-नाले रस्त्यांवर आले, पंढरपुरात कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जण दगावले, भीमेला पूर आला. तेव्हा ऑक्टोबर महिन्यात आंध्रच्या किनाऱ्याला काही येतंय असं बातम्यांत ऐकलंत, तर त्याचा पुढचा मार्ग हवामान विभागाच्या पत्रकात बघा. उजनीतून किती पाणी सोडणार आहेत याची चौकशी करा, आणि पंढरपूर, मोहोळ, माढा, मंगळवेढा या भागांत नदीकाठाला आपलं कुणी राहत असेल, तर त्यांना त्याच संध्याकाळी फोन करून जनावरं आणि पाण्याच्या मोटारी वर घ्यायला सांगा.

नमस्कार.