कार्ट्रिज बदलली, आता गेन जुळवायला हवा

[दृश्य : संत्र्याची बाग, वाड्याचे माजघर, तबकड्यांचे कपाट]

मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यातील या वाड्यात नाट्यगीतांच्या आणि भजनांच्या तबकड्या कपाटात आजही उभ्या लावून ठेवलेल्या आहेत. जुना प्लेअर कामातून गेल्यावर घरच्या पुतण्याने नवा टर्नटेबल आणला, त्याला हौसेने मूव्हिंग कॉइल जातीची (सुईबरोबर तारेचे वेटोळे हलणारी) कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या हालचालीचा विजेचा संकेत करणारा भाग, बसवली आणि पहिलीच तबकडी लावली, तेव्हा काकाजी म्हणाले, "आवाज लयच बारीक येऊन रायला, बाप्पा." व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर गाणे मोठे झाले खरे, पण त्याच्यासोबत ॲम्प्लिफायरची सळसळही तेवढीच मोठी झाली. यात तबकडीचा दोष नव्हता आणि स्पीकरचाही नव्हता. कार्ट्रिजचा बारीक संकेत ॲम्प्लिफायरसाठी वाढवणाऱ्या पेटीचा, म्हणजे फोनो प्रीॲम्पचा, गेन (संकेत किती पट वाढवायचा ते माप) जुन्या कार्ट्रिजच्या मापाचाच राहिला होता.

सर्वसाधारण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज, जिच्यात वेटोळ्याऐवजी चुंबक हलते, 3 ते 5 मिलिव्होल्ट देते, तर कमी आउटपुटची मूव्हिंग कॉइल जेमतेम 0.2 ते 0.5 मिलिव्होल्ट. 40 डेसिबल गेन म्हणजे शंभर पट आणि 60 डेसिबल म्हणजे हजार पट, एवढे ध्यानात ठेवले की पुढचा हिशेब तोंडी होतो. 4 मिलिव्होल्टचे शंभर पटीने 400 होतात आणि ॲम्प्लिफायरचे त्यावर नीट भागते, 0.4 मिलिव्होल्टचे मात्र त्याच गेनवर 40 मिलिव्होल्टच होतात, आणि ते 400 पर्यंत न्यायचे तर 60 डेसिबलच लागतात.

[दृश्य : प्रीॲम्पची मागची बाजू, जवळून]

मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या स्विचांची ही ओळ दिसते. ॲम्प्लिफायर बंद करूनच त्यांना हात लावावा, नाहीतर स्पीकरमध्ये दणका बसतो. बारीक पेचकसाच्या टोकाने गेनचा स्विच 60 वर सरकवावा आणि शेजारचा लोडचा, म्हणजे कार्ट्रिजवरच्या विद्युत भाराचा, स्विचही पाहून घ्यावा, कारण मूव्हिंग मॅग्नेटला 47 किलोओहम चालतात, तर अशा मूव्हिंग कॉइलला बहुधा शंभर ओहमच्या आसपासचा भार लागतो. नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर छापलेला असतो.

मग गेन नेहमीसाठी जास्तच का ठेवू नये, असे कोणीही विचारील. कार्ट्रिजवर लिहिलेले मिलिव्होल्ट हे ठरावीक पातळीवर मोजलेले असतात. तबकडीत तार सप्तकातली तान किंवा तबल्याची थाप आली की तेच चार-पाच पट उसळतात. 4 मिलिव्होल्टची मूव्हिंग मॅग्नेट चुकून 60 डेसिबलवर राहिली, तर त्या क्षणी प्रीॲम्पला 20 व्होल्टपर्यंत जावे लागेल, आणि बहुतेक प्रीॲम्पच्या आतला वीजपुरवठाच तेवढा नसतो. परिणामी लाटेचा माथा कापला जातो आणि आवाज फाटतो. तो नंतर व्हॉल्यूम कमी करूनही जुळत नाही, कारण बिघाड व्हॉल्यूमच्या आधीच झालेला असतो. म्हणून आवाज पुरेसा येईल इतकाच गेन ठेवावा, हेच मला रास्त वाटते. खेड्यापाड्यांत अजून सापडणाऱ्या जुन्या सिरॅमिक कार्ट्रिजचे प्रकरण वेगळे आहे: ती शेकडो मिलिव्होल्ट देते, तिला फोनो इनपुटला न जोडता ॲम्प्लिफायरच्या ऑक्स या साध्या इनपुटला जोडावे.

हजार पट गेनमध्ये घरघरही हजार पट होते, आणि इकडे ती हमखास येते. टर्नटेबलची अर्थ-वायर प्रीॲम्पच्या स्क्रूला घट्ट आवळल्यावरही ती उरली, तर टेबलाखाली पाहावे. गावातल्या विजेचा दाब कमी-जास्त होत असल्याने बऱ्याच घरांत दाब स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर असतो, तो नेमका तिथेच ठेवलेला असतो, आणि त्याच्या ट्रान्सफॉर्मरचे 50 हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजच्या वेटोळ्यात उतरते. सुई तबकडीवर न टेकवता आर्म हाताने हळूहळू आत न्यावा. घरघर जागेप्रमाणे कमी-जास्त झाली, तर गेन तसाच ठेवून स्टॅबिलायझर खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्यावा.