नांदूर मध्यमेश्वर: गाळाची कमाई

नमस्कार श्रोतेहो.

निफाडची थंडी तुम्ही दर हिवाळ्यात बातम्यांत ऐकता. पारा घसरला, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या, वगैरे. त्याच थंडीत पहाटे उठून, कानटोपी घालून निफाड तालुक्यातल्या चापडगावला, नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवरचे पक्षी बघायला या, असं मी आज सांगणार आहे. घरची मंडळी वेड्यात काढतील. काढू द्या.

गोदावरी आणि कादवा या नद्यांच्या संगमापाशी, नांदूर मध्यमेश्वरला, ब्रिटिश काळात बंधारा घातला गेला. कालवे काढून खालची शेती भिजवायची, एवढाच हेतू. पण नदी नुसतं पाणी आणत नाही. दर पावसाळ्यात गाळ आला, बसत गेला आणि पाण्याची साठवण घटली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा. बदकांच्या हिशेबात मात्र चांदी! गाळाची बेटं झाली, पाणकणीस माजलं, पाणी उथळ झालं. १९८६ साली इथे अभयारण्य झालं आणि २०२० च्या जानेवारीत रामसर यादीत नाव लागलं, महाराष्ट्रातलं पहिलं. रामसर हे इराणमधलं शहर. पाणथळ जागा राखण्याचा करार तिथे २ फेब्रुवारी १९७१ ला झाला, म्हणून ती यादी त्या नावाची.

उथळ पाण्याचं एवढं काय, असं वाटेल. दुर्बीण लावून पाचच मिनिटं एका जागी बघा. काठाच्या वीतभर पाण्यात शेकाट्या आपल्या लालसर काड्यांसारख्या पायांवर तोल सावरत चिखल टोचतोय. थोडं आत तलवार बदक डोकं खाली, शेपूट वर करून उलटं झालंय. मान पुरेल तिथपर्यंतच त्याचं ताट वाढलेलं. पाणी खोल असतं तर ते उपाशी राहिलं असतं. शेजारी थापट्या. त्याची चोच फावड्यासारखी पसरट, कडांना बारीक दाते. गढूळ पाणी तोंडात घ्यायचं, चाळायचं, उरेल ते खायचं. घरात पीठ चाळतात ना, तसंच. एकाच पाण्यात इतक्या पंगती, आणि सहसा कुणी कुणाच्या पानात हात घालत नाही.

नावंही ऐकण्यासारखी आहेत. चोचीवर पिवळा आणि लाल ठिपका मिरवणारं ते हळदीकुंकू बदक. काळं अंग, कपाळी पांढरा टिळा आणि दिंडीसारखा थव्याने हिंडणारा तो वारकरी. मुलांना ही दोन नावं आधी सांगा, बाकीची ती स्वतःच विचारतील.

पट्टकदंब दिसले तर नशीब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस तिबेटच्या पठारावर, मंगोलियात पिल्लं वाढवतो आणि हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरहून उंच उडताना त्याची नोंद झाली आहे. इथे तो आसपासच्या शेतांत बिनदिक्कत चरतो. शेतकऱ्याला त्याचं कौतुक असेलच असं नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. सूर्य उगवायच्या आत पोहोचा. भडक कपडे नकोत. मातकट, हिरवट रंग बरा. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. गावातली मुलं वाटाडे म्हणून सोबत येतात, त्यांना घ्याच. आपल्याला गवताचा पुंजका दिसतो तिथे त्यांना अख्खा पक्षी दिसतो. कॅमेऱ्याची मोठी नळकांडी घेऊन मनोऱ्यावर धक्काबुक्की करणारेही भेटतील. त्यांना पुढे जाऊ द्या, त्यांना घाई असते.

मागच्या खेपेला मी वही उघडून वारकरी मोजत होतो. एकशे चाळीसपर्यंत आलो असेन, तोच पाणकणसावरून एक दलदली भोवत्या खालून तरंगत आला. शिकारी पक्षी तो. सगळं पाणी एकदम खवळलं, शेकडो पंख फडफडले, आभाळ भरून गेलं. दोन मिनिटांत भोवत्या रिकाम्या पायांनी निघून गेला. बदकं उतरली, वारकरी उतरले, पण भलत्याच जागी. मी पान उलटलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.