अमक्याची बायको, तमक्याची आई

(दृश्य : जुना विवाह दाखला. कॅमेरा नावांवरून सरकतो.)

हा इंग्लंडमधला, व्हिक्टोरिया राणीच्या काळातला विवाह दाखला. नवऱ्या मुलाचं नाव आहे, नवरीचं आहे. दोघांच्या वडिलांची नावं आहेत, ते पोटापाण्यासाठी काय करायचे तेही आहे. आयांची नावं? त्यांना रकानाच नाही. १८३७ पासून चालत आलेली ही रीत इंग्लंड आणि वेल्समध्ये बदलली ती थेट ४ मे २०२१ रोजी.

त्यामुळे घराण्याचा इतिहास शोधायला बसलं की खापरपणजोबा सापडतात, खापरपणजी मात्र लग्नाच्या दिवशी माहेरच्या आडनावासकट दिसेनाशी होते. पुढे ती अमक्याची बायको, तमक्याची आई आणि शेवटी अमक्याची विधवा. नुसतं तिचं नाव घेऊन शोधत बसलं तर फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा असं विचारावं : तिची नोंद करायची गरज कुणाला पडली होती?

(दृश्य : पेन्शनचे अर्ज, पिवळी पडलेली पानं.)

अमेरिकेत ही गरज पडली सरकारी तिजोरी सांभाळणाऱ्यांना. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांच्या विधवांना १८३६ च्या कायद्याने पेन्शन मिळू लागली, पण अट होती : लग्न नवऱ्याची फौजेतली नोकरी संपण्याआधी झालेलं हवं. आता पन्नासेक वर्षांपूर्वीच्या लग्नाचा पुरावा आणायचा कुठून? शेजारीपाजारी शपथेवर साक्ष द्यायला आले. आणि काही घरांनी तर आपल्या बायबलची पानंच फाडून अर्जाला जोडली, कारण घरातली लग्नं, जन्म आणि मृत्यू त्या पानांवर लिहून ठेवायची पद्धत होती. अशी पानं आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. फाइल नवऱ्याच्या लढायांची, पण आत कधी कधी बायकोच्या संसाराचीच माहिती जास्त. सरकारच्या संशयी स्वभावाचे आभार मानावेत, अशा जागा तशा कमीच!

(दृश्य : जनगणनेचा तक्ता. दोन आकड्यांवर कॅमेरा थांबतो.)

अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत स्त्रियांसाठी दोन रकाने होते. किती मुलांची आई? त्यातली हयात किती? समजा, एका ओळीत ८ आणि ५ लिहिलंय. घरात असलेली मुलं मोजली, सासरी गेलेल्या मुली हुडकल्या, पाच जुळली. उरली तीन. ती कधी जन्मली, कधी गेली? त्याआधीची, १८९० ची जनगणना बघावी, तर १९२१ च्या आगीचा तडाखा बसून तिचे बहुतेक कागद कायमचे गेले. जन्मनोंदणीही अनेक राज्यांत तेव्हा धड होत नव्हती. अशा वेळी १८८० च्या जनगणनेनंतर जन्मून १९०० च्या आत गेलेल्या बाळाचा उरलेला पुरावा पुष्कळदा एकच : आठातून पाच वजा.

इंग्लंडनेही १९११ च्या जनगणनेत असाच प्रश्न विचारला. घटता जन्मदर ही तिथली काळजी. उत्तर द्यायचं होतं ते फक्त विवाहित स्त्रियांनी, पण कित्येक विधवांनी, विधुरांनीसुद्धा सूचना बाजूला ठेवून आपले आकडे लिहिले. कारकुनांनी ते खोडले. खोडलेलं अजून वाचता येतं, आणि शोध घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

(जाता जाता : याच जनगणनेवर मताधिकारासाठी लढणाऱ्या अनेक स्त्रियांनी बहिष्कार घातला. त्यांतल्याच एमिली डेव्हिसन जनगणनेच्या रात्री लपून बसल्या, तेही संसदेच्या तळघरातल्या कपाटात! त्या सापडल्या आणि त्यांची नोंद झाली दोनदा, एकदा संसदेत, एकदा राहत्या जागी.)

(दृश्य : नावांऐवजी नुसती वयं लिहिलेली यादी.)

अमेरिकेत गुलामगिरीत जगलेल्या स्त्रीचा माग काढणं याहून कितीतरी अवघड. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या केल्या. मालकाचं नाव, आणि खाली प्रत्येकाचं वय, लिंग, कातडीचा रंग. नावं जवळजवळ नाहीतच. ती आली गुलामगिरी संपल्यावरच्या, १८७० च्या जनगणनेत. त्याच्या मागे जायचं तर शोध मालकाच्या नावाने घ्यावा लागतो : त्याचं मृत्युपत्र, विक्रीखतं, त्याच्या मृत्यूनंतर केलेली मालमत्तेची मोजदाद. तिथे बाईचं नाव सापडतं, पुढे डॉलरमध्ये किंमत लिहिलेली असते. काही ओळींत आई आणि तान्हं मूल एकत्र धरून एकच किंमत लावलेली आहे. त्या दोघांचं नातं सांगणारा दुसरा कागद बहुतेक वेळा नसतो.