रांजणाखालची ओल

(दृश्य : मे महिना, दुपारचे दोन. गिरणाकाठचं एक गाव. अंगणात निंबाखाली मातीचा रांजण.)

या वेळेला गल्लीत माणूस दिसत नाही. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणं कुणाला नवं नाही. दारं लोटलेली, खिडक्यांना ओलं गोणपाट. अंगणात जाग आहे ती फक्त इथं, रांजणाच्या बुडाशी.

जरा जवळून बघा. झिरपलेल्या पाण्यानं वीतभर माती ओली झाली आहे. तिच्यावर मधमाश्या उतरल्यात, एक गांधीलमाशी घिरट्या घालते आहे. तांबड्या मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून इथंच येते. रांजणाखालची वीट उचलली, तर तिथं गोम. रात्री इथं बेडूक येईल, आणि बेडकाच्या वासानं त्याच्यामागे आणखी कुणी.

हे घर माझ्या आत्याचं. लहानपणी सुट्टीत इथं आलो की पहिल्याच दिवशी ती बजावायची, "जोडा झटकीसन घाल रे पोऱ्या." तेव्हा ते नुसतं दटावणं वाटायचं.

उन्हाळ्यात घरात किडे फार होतात, असं आपण म्हणतो. पण यातले कितीतरी जीव आसऱ्याला येतात. कपाशी उपटली गेली, गहू-हरभरा निघाला, रानं उघडी पडली, जमीन तापून भेगाळली. ज्या गारव्यासाठी आपण दार लावून आत बसलो, त्याच गारव्यासाठी तेही येतात. म्हणून फवाऱ्याचा डबा हातात घेण्याआधी घरात आणि अंगणात ओल कुठं कुठं आहे, ते शोधायला हवं. खान्देशात तर हा शोध पिण्याच्या पाण्यापासूनच सुरू होतो.

(दृश्य : नळाला पाणी आलेलं. हंडे, ड्रम, टाक्या, बादल्या भरण्याची लगबग.)

इथल्या कित्येक गावांत आणि शहरांतही नळाला रोज पाणी येत नाही. कुठं चार दिवसांनी, कुठं आठ दिवसांनी, भर उन्हाळ्यात त्याहून उशिरा. मग जे मिळेल त्यात पाणी भरायचं आणि पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचं.

आता डासाचा हिशेब बघा. डेंगी पसरवणारा एडिस डास गटारात अंडी घालत नाही. त्याला घरातलं स्वच्छ, साठलेलं पाणी लागतं. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून उडणारा डास, या सगळ्याला गरम दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे नळाची पाळी आणि डासाचा जन्म जवळजवळ एकाच मापाचे. ज्या ड्रमाच्या तळाशी मागच्या पाळीचं पाणी राहिलं आणि त्यावरच नवं भरलं गेलं, त्यात डासाची पिढी बिनघोर वाढते.

आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करा, कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खातं सांगतं. सल्ला योग्य आहे. पण डोक्यावर हंडे वाहून भरलेलं पाणी ओतून द्या असं बाईला सांगणं सोपं नाही, आणि ती ते ओतणारही नाही. मला वाटतं, इथं सल्ला थोडा बदलून सांगितला पाहिजे. पाणी ओतू नका, गाळा. दुहेरी सुती फडक्यातून ते दुसऱ्या भांड्यात घ्या, अळ्या फडक्यात अडकतील. फडकं उन्हात तापलेल्या मातीवर झटका, पाण्याबाहेर अळी टिकत नाही. मग रिकामं भांडं काथ्यानं घासा, खास करून पाण्याची रेघ जिथं असते तिथं. एडिसची मादी अंडी तिथंच, ओलसर कडेला चिकटवते. डोळ्यांना ती काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात, नुसत्या पाण्यानं निघत नाहीत, आणि भांडं कोरडं ठेवलं तरी काही महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी चढलं की फुटतात. मे महिन्यात न घासलेला ड्रम जुलैत डास देतो तो असा.

घासून झालं की गाळलेलं पाणी परत ओता आणि वर फडकं ताणून दोरीनं आवळा. नुसतं ताट झाकलं तर कडेला फट राहते, आणि डासाला तेवढी पुरते. गुरांच्या पाण्याचा मोठा हौद असा गाळता येत नाही. त्यात गप्पी मासे सोडायचे. आरोग्य केंद्रात विचारलं तर ते मिळू शकतात.

कूलरचंही तसंच. खान्देशात कूलर नाही असं घर आता विरळा. त्याच्या टाकीत आपण रोज बादली ओततो आणि तळ मात्र सगळा उन्हाळा बघत नाही. आठवड्यातून एकदा टाकी मोकळी करून घासायची. हंगाम संपल्यावर तो तसाच ओल्या वाळ्यासकट माळ्यावर टाकायचा नाही, कडकडीत वाळवून मगच ठेवायचा.

(दृश्य : स्वयंपाकघर. मोरी. मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या.)

मुंग्यांसाठी मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची आपली जुनी रीत. पण आठ दिवस न बदललेली वाटी म्हणजे डासांचं आणखी एक घर. दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर वाटीत थोडं खाण्याचं तेल सोडा. तेलाच्या तवंगामुळं अळीला पृष्ठभागावर येऊन श्वास घेता येत नाही.

झुरळं येतात मोरीतून. रात्री निजताना जाळीवर तळ जड असलेलं भांडं पालथं घालणं, ओटा कोरडा पुसणं आणि उष्टी भांडी सकाळसाठी न ठेवणं, एवढ्यानंही मोठा फरक पडतो. बोरिक पावडर, पीठ आणि साखर मळून केलेल्या गोळ्या आत्या फडताळामागे ठेवते. त्या चालतात, पण रांगणारं मूल घरात असेल तर त्याचा हात पोचणार नाही अशाच जागी.

माश्यांचा बंदोबस्त तर या भागातल्या बायका पिढ्यानपिढ्या करत आल्यात. ओल्या शेणाच्या ढिगात माशीची अळी चार-पाच दिवसांत मोठी होते. तेच शेण गोवरी थापून भिंतीवर लावलं की खान्देशचं ऊन भराभर त्यातली ओल ओढून घेतं. अळीला वाढायला जागाच उरत नाही. उकिरड्याचं खतही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे शेतात नेऊन पसरायची रीत आहे. ती मोडली की पहिल्या पावसात सगळी गल्ली माश्यांनी भरते.

(दृश्य : धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, खाटा. एकीवर ज्वारीच्या बिबड्या वाळताहेत, शेजारी गव्हाचा पसारा.)

इथं मात्र ऊन आपल्या बाजूचं. वर्षाचा गहू भरायचा तो याच दिवसांत. सोंडे, टोके, पोरकिडे ही धान्यातली कीड ५० अंशांच्या पुढं तग धरत नाही, आणि मे महिन्यात पत्र्यावर किंवा गच्चीवर पातळ पसरलेलं धान्य तेवढं सहज तापतं. दाणा दाताखाली घेतल्यावर कट्ट आवाज झाला पाहिजे, ही आत्याची परीक्षा. आवाज आला नाही तर आणखी एक ऊन. वाळलेला गहू गरमगरम कोठीत भरू नका. आधी सावलीत निवू द्या, नाहीतर आत घाम सुटतो आणि वाळवण्याची मेहनत फुकट जाते. निंबाचा पाला घालायचा तो सावलीत वाळवूनच. ओला पाला ओलच आत नेतो.

एक गोष्ट मला इथं आवाज चढवून सांगायची आहे. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या, ज्यांना लोक सल्फास म्हणतात, त्या घरात आणू नका. हवेतल्या ओलीनं त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. त्या खोलीत निजलेल्या माणसाला कळण्याआधी तो जीव घेऊ शकतो. आजूबाजूच्या खोल्यांतही तो शिरतो. या गोळ्या बंद गोदामात, प्रशिक्षित माणसांनीच वापरायच्या असतात. कुणी कागदाच्या पुडीत चार गोळ्या देऊ केल्या, तर सरळ नाही म्हणा. दोन शेर गहू किडला तर किडला.

(दृश्य : संध्याकाळ. घरामागचा पऱ्हाटीचा ढीग.)

कपाशी निघाली की पऱ्हाटी, म्हणजे तिच्या वाळल्या काड्या, घरामागे रचायची, वर्षभर चुलीला पुरते. पण या ढिगाइतका सुरक्षित आडोसा साऱ्या गावात दुसरा नाही. खाली वाळवी, मधे उंदीर, बुडाच्या दगडांत विंचू. उंदरामागे साप. ढीग भिंतीला टेकलेला असेल तर घरात यायची वाटही तयार. शिवाय गुलाबी बोंडअळी याच काड्यांवर राहिलेल्या वाळल्या बोंडांत दबा धरून पुढच्या हंगामाची वाट बघते. म्हणून ढीग ठेवायचाच असेल तर घरापासून आणि शेतापासून लांब, दगडांवर उचलून, आणि पावसाच्या आत संपवून.

(दृश्य : अंधार. अतिनील टॉर्चच्या उजेडात निळसर हिरवा चमकणारा विंचू.)

अतिनील प्रकाशात विंचू असा चमकतो. अशी छोटी टॉर्च आता बाजारात मिळते. अंधार पडल्यावर अंगणाचा कोपरा, विटांची चळत, मोरीचा दगड बघून घ्यायला ती फार कामाची.

आपल्याकडचा लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो, मुलांना विशेष. कधीकाळी त्याच्या दंशानं दगावणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं. महाडला काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या दंशावर वापरून दाखवलं आणि असंख्य जीव वाचले. पण औषध वेळेत पोटात जायला हवं. घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मंत्र-उताऱ्यात तासभरही घालवू नका.

सापाचं म्हणाल, तर मला भीती वाटते ती मण्यारीची. ती रात्री फिरते, जमिनीवर निजलेल्याला चावते, आणि दंश इतका हलका असतो की माणूस कूस बदलून पुन्हा झोपतो. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, आणि घरचे पित्त समजून ओवा देतात. उन्हाळ्यात अंगणात, ओसरीवर निजणाऱ्यांनी म्हणून खाटेवरच निजावं आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. डास, विंचू आणि साप तिघांनाही ती एकच अडवते. दंश झालाच तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, माणसाला चालवायचं नाही. १०८ ला फोन करायचा. सरकारी दवाखान्यात सर्पविषावरची लस मिळते.

आणि धामण दिसली तर मारू नका. उंदीर खाऊन ती आपलंच काम करते.

(दृश्य : आत्याचे हात. भिंतीची भेग माती-शेणाच्या गिलाव्यानं बुजवताना.)

भिंतीच्या भेगा पावसाच्या आत बुजवायच्या, हे आत्या तिच्या सासूकडून शिकली. त्यामागचं कारण आज आणखी ठळक झालं आहे. अशा ओलसर, अंधाऱ्या भेगांत वाळूमाशी वाढते, डासाहून कितीतरी लहान. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदिपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत एक नवा विषाणू सापडला, त्याला त्या गावाचंच नाव मिळालं. तो वाळूमाशीतून पसरतो आणि लहान मुलांच्या मेंदूवर हल्ला करतो. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत त्यानं मुलांचे बळी घेतले, आणि नंदुरबारची हद्द गुजरातेला लागूनच आहे. गोठ्याच्या भिंतीही विसरू नका.

वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या, तर त्या नुसत्या पुसून भागत नाही, चार दिवसांत पुन्हा उभ्या राहतात. आधी ती भिंत ओली का, ते शोधा. बहुतेकदा मागं गळका नळ किंवा मोरीचं पाणी निघतं.

(दृश्य : पहाट. आत्या रांजणापाशी.)

आज नळाची पाळी आहे. आखाजीला पितरांच्या घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, त्या दिवशी नवा माठ आला, तो ओसरीवर आहे. अंगणातला रांजण मात्र जुनाच. आत्यानं त्यातलं उरलेलं पाणी फडक्यातून हंड्यात गाळून घेतलं. रांजण आडवा केला, हात खांद्यापर्यंत आत घालून काथ्यानं कड घासली. धुतलेलं गढूळ पाणी तिनं निंबाच्या बुंध्याशी ओतलं.

मग रांजणाखालची वीट उलटी करून बघितली, झटकली, आणि ओली माती पायानं बाजूला सारून तिथं कोरडी राख पसरली. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी ओरडलं, "पानी उनं!" तिनं दोन हंडे उचलले.